नाटकातून कापलेल्या कविता, आणि न मेलेल्या माणसांची शोकगीतं

रद्दीप्रेमी

मंडळी, आठ-नऊ ओळींच्या एका कवितेने गेले तीन आठवडे डोक्याला भुंगा लावलाय, म्हणून हा धागा.

बारा-तेरा वर्षांपूर्वी फोर्टात फुटपाथवर पॅलग्रेव्हची 'गोल्डन ट्रेझरी' चाळीस रुपयांत मिळाली होती. मूळ संग्रह १८६१चा. माझी प्रत बरीच नंतरची, पुठ्ठा सुटलेला, आणि आधीच्या मालकाने समासात पेन्सिलीने मराठीत टिपणं केलेली. बहुतेक टिपणं शब्दार्थाचीच. पण एका कवितेशेजारी फक्त एवढं लिहिलंय: 'बाबा गेले तेव्हा वाचली.' तारीख नाही, सही नाही. कविता शेक्सपिअरची, वर मथळा 'अ सी डर्ज', म्हणजे समुद्राचं शोकगीत. मला ती इतकी आवडली की मी तिचा मराठीत अवतारही केला. हसू नका:

पाच पुरुष पाण्याखाली बाप तुझा राही,
हाडे त्याची पोवळ्याची, झिजे काही नाही;
डोळे होते तिथे आता दोन मोती झाले,
समुद्राने त्याला न्यारे, नवे रूप दिले.
तासोतासी जळपऱ्या घंटा वाजवती,
ऐक ऐक, टण टण, ये लाटांवरती.

इतकी वर्षं ही माझ्यासाठी बाप गेलेल्या मुलाची कविता होती. गेल्या महिन्यात 'द टेम्पेस्ट' पहिल्यांदा सलग वाचलं (सांगायला लाज वाटते, पण तोवर नाटक नुसतं माहीत होतं). तिथे हे गाणं एरियल म्हणतो. तो हवेतला, न दिसणारा, बेटावरच्या जादूगार प्रॉस्परोच्या हुकमाचा ताबेदार. किनाऱ्यावर राजपुत्र फर्डिनंड बापासाठी रडत बसलाय, आणि एरियल त्याला सांगतोय की तुझा बाप तळाशी आहे, त्याचे डोळे मोती झालेत.

बाप जिवंत आहे! त्याच बेटाच्या दुसऱ्या टोकाला धडधाकट फिरतोय. पुढे तर त्याच्याबरोबरचा म्हातारा गोन्झालो नवल करतो की समुद्रात भिजूनही आपले कपडे नव्यासारखे कसे. आणि प्रेक्षकाला हे आधीच ठाऊक आहे, कारण गाण्याच्या पुरेसं आधी प्रॉस्परो मुलीला सांगून बसलाय की जहाजावरच्या कुणाच्या केसालाही धक्का लागलेला नाही. म्हणजे मी जिला शोकगीत समजत होतो ती हुकमावरून मारलेली थाप. सुंदर थाप, पण थापच.

मग संशयाने त्याच पुस्तकातलं दुसरं शोकगीत उघडलं: 'फिअर नो मोअर द हीट ओ द सन', 'सिम्बेलीन'मधलं. भीऊ नको आता उन्हाच्या काहिलीला, तुझं काम झालं, मजुरी घेऊन तू घरी गेलास, असं काहीसं. पॅलग्रेव्हने वर नाव घातलंय 'फिडेली'. आता नाटकात काय? जिच्यावर हे म्हटलं जातं ती मेलेली नाही, औषधाने गुंगलीय. तो मुलगा नाही, मुलगी आहे. तिचं नाव फिडेली नाही, इमोजेन आहे. म्हणणारे दोघे तिचे सख्खे भाऊ, ते त्यांनाही माहीत नाही. आणि हे 'गीत'ही नाही, कारण थोरला म्हणतो की मला गाता येणार नाही, मी रडत रडत शब्द नुसते म्हणेन. एका मथळ्याखाली किती गैरसमज!

माझा प्रश्न सरळ आहे. नाटकातल्या ओळी कापायच्या, पात्रांची नावं काढायची, वर आपलं शीर्षक डकवायचं आणि 'कविता' म्हणून छापायचं, हे चालतं का? मला फसल्यासारखं वाटतंय. पण तो समासातला माणूस? त्याला काय सांगणार, की बाबा रे, तुझी कविता खोटी होती?

तुमच्या माहितीतले असे उतारे असतील तर टाका.

चिमणचारा

'उतारा' हा शब्दच बघा ना. पुस्तकातला उतारा, विषावरचा उतारा, तिठ्यावर ठेवलेला लिंबू-भाताचा उतारा आणि तलाठ्याकडचा सातबाऱ्याचा उतारा. शेवटच्यात जमीन येत नाही, फक्त जमिनीबद्दलचा कागद येतो. तुमचं तसंच झालंय, कागद घेऊन शेतात गेलात.

गोगलगाय

+१. तिठ्यावरचा उतारा ओलांडू नये म्हणतात, तुम्ही तर घरी नेऊन भाषांतर केलंत. :)

खडूफळा

या धंद्याचा मूळपुरुष भारी आहे. विल्यम डॉड नावाचा पाद्री, त्याने १७५२ साली 'ब्यूटीज ऑफ शेक्सपिअर' काढलं, म्हणजे नाटकांतले निवडक सुंदर उतारे. पुस्तक तुफान चाललं, पुढे शंभर वर्षं छापलं जात होतं. जर्मनीत विद्यार्थीदशेतल्या गटेला शेक्सपिअर पहिल्यांदा भेटला तो या पुस्तकातूनच. म्हणजे आधी उतारे, मग नाटकं. रद्दीप्रेमी, तुम्ही चांगल्या पंगतीत आहात.

डॉडचं पुढे काय झालं? राहणी उधळी, कर्ज डोक्यावर. आपला जुना विद्यार्थी लॉर्ड चेस्टरफिल्ड याच्या नावाने त्याने ४,२०० पौंडांचा खोटा रोखा केला आणि १७७७ च्या जूनमध्ये फासावर गेला. डॉक्टर जॉन्सनने त्याच्या सुटकेसाठी अर्ज आणि प्रवचन लिहून दिलं होतं, उपयोग झाला नाही. पंधरवड्यात फाशी आहे हे कळलं की माणसाचं मन कसं छान एकाग्र होतं, हे जॉन्सनचं प्रसिद्ध वाक्य याच डॉडबद्दलचं. आणि गंमत म्हणजे ते वाक्यही आता सगळीकडे डॉडला वगळूनच फिरतं.

बोरूबहाद्दर

दुसऱ्याच्या ओळी आपल्या पुस्तकात, दुसऱ्याची सही आपल्या रोख्यावर. सवय लागते हो माणसाला.

तानपुरा

मला हा त्रागा पटत नाही. गाणं आणि नाटक यांची फारकत तेव्हाही होतीच. नाटक कंपनीत गाण्यांचे कागद बरेचदा वेगळे असत, त्यामुळे छापील नाटकात नुसतं 'गाणं' एवढंच लिहून पुढे जात. जॉन लिलीचं 'कॅम्पास्पी' १५८४ साली छापलं तेव्हा त्यात क्युपिडवरचं ते प्रसिद्ध गाणं नव्हतंच. ते आलं १६३२च्या संग्रहात, लिली मरून पंचवीसेक वर्षं झाल्यावर. त्यामुळे ते त्याचंच आहे का यावर अजून वाद आहे. 'मॅकबेथ'मध्ये चेटकिणींच्या गाण्यांचे १६२३च्या फोलिओत (शेक्सपिअरच्या नाटकांचा छापील संग्रह) फक्त पहिले शब्द आहेत, पूर्ण गाणी मिडलटनच्या दुसऱ्याच नाटकात सापडतात. म्हणजे गाणी या नाटकातून त्या नाटकात बिऱ्हाड हलवत होती. तुमच्या 'पाच पुरुष'ची रॉबर्ट जॉन्सन या ल्यूटवादकाने केलेली चाल आजही उपलब्ध आहे, लोक मैफलीत गातात.

आणि आपण काय वेगळं करतो? 'उगवला चंद्र पुनवेचा' कोजागिरीला दर गच्चीवर होतं. ते अत्र्यांच्या 'पाणिग्रहण'मधलं आहे, आणि ते विनोदी नाटक आहे, हे किती जणांना माहीत असतं? मसाला दूध पिताना कुणी विचारलंय, हे कुठल्या प्रवेशात आहे हो?

रद्दीप्रेमी

तानपुरा, गाण्यांचं मान्य. गाणी शेंगेतल्या दाण्यासारखी सुटतात, यमकबिमक, आखूड ओळी, सुरुवात-शेवट ठरलेला. पण संग्रहवाले तिथे थांबत नाहीत, ते संवादही कापतात. दहा-दहा अक्षरांच्या त्या निर्यमक ओळींना शिवणच नसते, कापड फाडावं लागतं. कधी कधी ओळ अर्धी एका पात्राची आणि अर्धी दुसऱ्याची असते, तिथे काय करणार?

जुनीपेठ

नेमकं बोललात. फाडण्याचं सगळ्यात ढळढळीत उदाहरण 'रिचर्ड दुसरा'मध्ये आहे. मरणाच्या दारात असलेला जॉन ऑफ गाँट इंग्लंडचं वर्णन करतो: राजांचं हे सिंहासन, हे राजदंडाचं बेट, चंदेरी समुद्रात जडवलेलं हे रत्न... असं करत 'हे इंग्लंड'पर्यंत. तिथे कापून ते देशभक्तीची कविता म्हणून वर्षानुवर्षं चाललंय. चहाच्या मगांवरसुद्धा असतं.

पण ते वाक्य तिथे संपतच नाही! 'हे, हे, हे' करत गाँट नुसती कर्त्यांची रास घालतो, आणि सुमारे वीस ओळींनंतर क्रियापद येतं: भाड्याने दिलंय. हे सगळं आता एखाद्या फुटकळ शेतासारखं भाड्याने दिलंय, हे बोलताना माझा जीव जातोय, असं तो म्हणतो. पुतण्याने देश सावकाराला लावला म्हणून शिव्याशाप चाललेत, आणि आपण त्यातली फक्त आरती कापून घेतो.

मराठी माणसाला हे लवकर कळायला हवं. आपलं क्रियापद शेवटी असतं, तोवर कुणी हूं की चूं करत नाही. 'माझ्या या सोन्यासारख्या, लाडक्या, कष्टाने बांधलेल्या घराला...' इथे कापलं तर प्रेम. पुढे 'आग लागो' आलं तर?

आणखी एक. हा उतारा नाटक छापून जेमतेम तीन वर्षं होतात तोच, १६०० साली, 'इंग्लंड्स पार्नासस' नावाच्या वेच्यांच्या पुस्तकात आला, तोही मायकेल ड्रेटनच्या नावावर. शेक्सपिअर तेव्हा लंडनमध्ये जिवंत, लिहिता. व्हॉट्सॲपवर कुठलीही कविता कुणाच्याही नावावर फिरते म्हणून आपण रडतो ना, तो रोग जुना आहे.

शाळूचं_कणीस

आम्हाला अकरावीत की बारावीत 'ऑल द वर्ल्ड्स अ स्टेज' कविता म्हणून होती. माणसाच्या सात अवस्था, दाईच्या कडेवर रडणारं, ओकणारं बाळ वगैरे. शेवटी म्हातारा: दात नाहीत, डोळे नाहीत, चव नाही, काहीच नाही. नाटकातलं आहे हे बाईंनी सांगितलं होतं, पण पुढे काय होतं ते कुणी सांगितलं नाही. खूप वर्षांनी त्या नाटकाचा, 'ॲज यू लाइक इट'चा, प्रयोग पाहिला. 'काहीच नाही' म्हणून जाक्वीस थांबतो, आणि त्याच क्षणी ऑर्लँडो आपल्या म्हाताऱ्या नोकराला, ॲडमला, उचलून आत आणतो. ऐंशीच्या घरातला, पण मालकाच्या संकटात आपली साठवलेली पुंजी त्याच्या हातावर ठेवून जंगलात निघालेला माणूस. म्हातारपणात काहीच उरत नाही का? समोर बघा. शब्दाचंही उत्तर नाही, नुसता प्रवेश. हे कवितेच्या पानावर कसं येणार?

खडूफळा

कणीस, सुंदर. उद्या वर्गात वापरतो.

पाषाणभेद

शेक्सपिअरचा समकालीन नाटककार मार्लो आला नाही अजून? मग मी आणतो. दोन उतारे, दोन्ही प्रेमकाव्याच्या संग्रहांतले मानकरी.

पहिला 'डॉक्टर फॉस्टस'मधला: हजार गलबतं समुद्रात उतरवणारा चेहरा तो हाच का? हेलन, एका चुंबनाने मला अमर कर. सुटा वाचला तर लग्नपत्रिकेवर छापावा असा. नाटकात ती हेलन नाहीच. मेफिस्टोफिलिसने फॉस्टससाठी उभी केलेली पिशाच्च माया आहे, आणि सैतानाला विकलेल्या फॉस्टसच्या आत्म्याची मुदत संपत आलीय. पुढच्याच ओळीत तो म्हणतो की तिचे ओठ माझा आत्मा शोषून घेताहेत, बघा कुठे उडाला! संग्रहात ते लाडिक बोलणं वाटतं. नाटकात तो खरोखरच चाललाय.

त्याहून पुढची गंमत: ही कल्पना मार्लोच्याही आधीची. ग्रीक लेखक ल्युशियनच्या मृतांच्या संवादांत मेनिपस पाताळात जातो, हेलन कुठे विचारतो, आणि त्याला एक कवटी दाखवतात. तेव्हा तो म्हणतो, याच्यासाठी हजार गलबतं? म्हणजे मूळ प्रश्न कवटीला विचारलेला. मार्लोने कवटीवर चेहरा चढवला, संग्रहवाल्यांनी पिशाच्च काढून टाकलं.

दुसरा 'टॅम्बरलेन'मधला. जगातल्या सगळ्या कवींच्या सगळ्या लेखण्यांनी सौंदर्याचा अर्क उतरवला, तरी एक काहीतरी निसटतंच, जे शब्दांत येत नाही. कवितेबद्दलची मला माहीत असलेली सगळ्यात सुंदर ओळ. हे बोलायच्या मिनिटभर आधी त्या इसमाने काय केलं? दमास्कसच्या कुमारिका दयेची भीक मागायला आल्या होत्या, त्यांची कत्तल करवली. प्रेतं वेशीच्या भिंतीवर टांगलीत. आणि हा सौंदर्यावर बोलतोय. हे माहीत झाल्यावर ती ओळ वाईट होत नाही हो. भयंकर होते. मला ती भयंकरच जास्त आवडते.

रद्दीप्रेमी

पाषाणभेद, दोन्ही उतारे माझ्या वहीत आहेत. फुलापानांच्या नक्षीसकट. आता काय करू?

विद्यार्थिनी_जन्मभर

इतकं मनाला लावून घेऊ नका. आपल्याकडे हे काम तर शास्त्रशुद्ध चालतं. काव्यात नाटक रम्य, नाटकांत शाकुंतल, त्यात चौथा अंक आणि त्यात चार श्लोक. सात अंकांचं नाटक परंपरेने चार श्लोकांवर आणून ठेवलं! त्यातला 'यास्यत्यद्य शकुन्तलेति' माझे वडील माझ्या लग्नात म्हणाले होते. ते काही कण्व मुनी नव्हते, बँकेत होते. पण कण्व स्वतःच त्यात म्हणतो की माझ्यासारख्या रानात राहणाऱ्याची ही गत, तर संसारी बापांचं काय होत असेल. म्हणजे श्लोकातच इतर बापांना जागा करून ठेवलीय.

विद्याकराचा 'सुभाषितरत्नकोश' हा संस्कृत वेच्यांचा संग्रह बघा. आपल्या गोव्याच्या दामोदर कोसंबींनी व्ही. व्ही. गोखल्यांबरोबर संपादित केला, १९५७ साली हार्वर्डमधून निघाला. त्यात भवभूतीच्या नाटकांतले श्लोक प्रकरणवार विखुरलेत. पात्र गेलं, प्रसंग गेला, भाव उरला. संस्कृत श्लोक चार चरणांत स्वतःचं घर बांधून असतो, त्यामुळे तो उचलला तरी फाटत नाही. इंग्रजी संवादाचं तसं नाही हे जुनीपेठ यांचं म्हणणं मान्य.

तिसरी_घंटा

आणि 'जगावं की मरावं'? हॅम्लेटचं स्वगत शिरवाडकरांनी १९७० साली अप्पासाहेब बेलवलकरांच्या तोंडी घातलं. ते आता 'नटसम्राट'मधूनही सुटून गॅदरिंगला, गणपतीत, एकपात्रीत फिरतं. उताऱ्याचा उतारा. अकरा वर्षांचं पोर शाल पांघरून जगावं की मरावं विचारतं आणि आया व्हिडिओ काढतात. पण खरं सांगू? मी असंच एक पोर बघून नाटकाकडे वळलो.

बोरूबहाद्दर

नाटक वाचतो कोण हल्ली? वेबस्टरचं 'द व्हाइट डेव्हिल' या धाग्यावर किती जणांनी वाचलंय? हात वर. पण त्यातलं चिमण्यापाखरांना बोलावणारं शोकगीत, बेवारस प्रेतांना पानाफुलांनी झाका आणि लांडग्याला लांब ठेवा, तो नखांनी उकरून काढेल, ते ठाऊक असतं. उताऱ्यामुळेच.

रद्दीप्रेमी

माझा हात अर्धा वर, गेल्या आठवड्यात सुरू केलंय. तुम्ही म्हणता ते गाणं माझ्या प्रतीत समुद्राच्या शोकगीताच्या जोडीला 'अ लँड डर्ज' म्हणून आहे. ही जोडी चार्ल्स लँबने १८०८च्या आपल्या वेच्यांच्या पुस्तकातच लावली होती. टीप छोटीच: ते पाण्याचं म्हणून पाणेरी, हे मातीचं म्हणून मातकट. कापून घेणारा लँबसारखा असेल तर माझी तक्रार नाही, कारण तो नाटक वाचून, प्रसंग सांगून, मग कापतो. आणि इथे मेलेला खरंच मेलेला आहे. आई मुलाच्या प्रेतावर म्हणते, मारणारा दुसरा मुलगा, आणि तो समोर उभा आहे. ती सांगते की माझी आजी हे म्हणायची. हे सांगणं पॅलग्रेव्हच्या पानावर नाही. मला त्या आजीसाठीच वाईट वाटलं.

गोगलगाय

तुमच्या समासातल्या माणसाचं काय ठरलं?

रद्दीप्रेमी

त्यावर दोन रात्री घातल्या. मग आठवलं की रोममध्ये कवी शेलीच्या थडग्यावर याच गाण्यातल्या तीन ओळी कोरल्यात, झिजे काही नाही, समुद्राने नवं रूप दिलं त्या. शेली १८२२ साली खरोखर समुद्रात बुडून मेला. ज्यांनी त्या निवडल्या त्यांना काय नाटक माहीत नव्हतं? शेलीचे मित्र होते ते. त्यांना थाप माहीत होती, तरी कोरली. तेव्हा पेन्सिलीची ओळ खोडणार नाही.

होडीवाला

साहेब, मी कविताबिविता फारशी वाचत नाही, बायकोने धागा दाखवला. तुमच्या भाषांतरात एक चूक आहे. पुरुष हे विहिरीचं माप, समुद्राचं नाही. विहिरीला दोन पुरुष पाणी म्हणतात. दर्यात वाव. दोन्ही हात पसरले की या बोटापासून त्या बोटापर्यंत एक वाव, सहा फूट. आमचो आजो शिसाची दोरी सोडून वाव मोजायचो, ओढताना हात पसरत पसरत.

विद्यार्थिनी_जन्मभर

अहो, 'फॅदम'चा मूळ अर्थही पसरलेले दोन हात असाच आहे! जुन्या इंग्रजीत कवेत घेणं यालाही तोच शब्द.

तानपुरा

आणि 'पाच वाव पाण्याखाली' केलं की आठ अक्षरं बरोबर बसतात. 'पुरुष'मुळे एक जास्त होत होतं, ते पहिल्यापासून खटकत होतं. बोललो नाही.

रद्दीप्रेमी

दुरुस्त केलं:

पाच वाव पाण्याखाली बाप तुझा राही,
हाडे त्याची पोवळ्याची, झिजे काही नाही.

होडीवाले दादा, मनापासून आभार. वहिनींनाही सांगा.

होडीवाला

बरं झालं. पण आणखी एक सांगू? पाच वाव म्हणजे तीस फूट. ते काही फार खोल नाही. तेवढ्यात बुडालेला माणूस सापडतो.

रद्दीप्रेमी

सापडतो. पाचव्या अंकात.